कुलूपबंद घरं आणि मुक्कामी गाडी: ओसरत्या गावात नवे रहिवासी आणण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे गाव नागपूर जिल्ह्याच्या उमरेड–कुही–भिवापूर पट्ट्यातलं. आठवडी बाजाराचं, सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा असलेलं. गावाचं नाव दिलेलं नाही आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. ग्रामपंचायतीला कागदपत्रांच्या कामात मदत करताना हे सगळं मला जवळून बघायला मिळालं.

गावाला एकेकाळी तीन आधार होते: मिरची, बाजार आणि छोटी रेल्वे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तोवर इथल्या वावरांतून ती जवळजवळ निघून गेली होती. चुरडा-मुरडा रोग आणि जास्त उतारा देणारं संकरित बियाणं, दोन्हींनी तिला मागे सारलं. हंगामात सातरे, म्हणजे मिरचीचे देठ खुडण्याची ठिकाणं, अजून लागतात, बाया तिथे कामाला जातात, पण ते काही महिन्यांपुरतं काम. बाजाराचं दुखणं वेगळं. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. पुढे पाणी साठत गेलं तशी कुही आणि भिवापूर तालुक्यांतली बुडीत क्षेत्रातली गावं उठून पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली आणि या बाजाराचं गिऱ्हाईक पांगलं. हे गाव बुडालं नाही, पण त्याच्या आसऱ्याची गावं गेली. तिसरा आधार नागपूर–नागभीड नॅरोगेजचा. ब्रॉडगेज करण्यासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली आणि थोड्याच महिन्यांत लॉकडाऊन लागला.

लॉकडाऊनमध्ये गाव भरलं होतं. पुण्याहून, नागपुरातून, बुटीबोरीच्या कारखान्यांतून पोरं परत आली. ओसऱ्या झाडल्या गेल्या, चुली पेटल्या. वर्षभरात त्यातली बहुतेक पुन्हा गेली. माणसं येऊ शकतात हे गावानं पाहिलं होतं आणि टिकत नाहीत हेही. पुढच्या सगळ्या चर्चेवर या अनुभवाची सावली होती.

अडचण

विषय निघाला तो शाळेवरून. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीचा पट ६१ झाला तर तिसरा शिक्षक मिळतो, ६० पर्यंत दोनच. गावाच्या शाळेचा पट या रेषेवर हेलकावे खात होता. मुख्याध्यापिकाबाईंनी ग्रामसभेत साधा हिशेब मांडला: दोन-तीन कुटुंबं आणखी गेली तर एक शिक्षक जातो, शिक्षक गेला की ज्यांना परवडतं ते पोरांना उमरेडच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतात, मग पट आणखी घसरतो.

बाई घरोघर फिरल्या होत्या. मुख्य गल्लीत दर चौथ्या-पाचव्या दाराला कुलूप होतं. मालकांची नावं मतदार यादीत होती, घरपट्टीच्या रजिस्टरमध्ये होती, माणसं मात्र नव्हती. २०११ नंतर जनगणना झालेली नसल्याने कागदावर गाव अजून तेवढंच मोठं दिसत होतं. त्यामुळे गाव ओसरतंय हे मान्य करायलाच वेळ गेला.

आणि त्याच वेळी गावात दिवसभर नोकरी करणारी बरीच माणसं होती. शिक्षक, आरोग्य सेविका, तलाठी, बँकेचे कर्मचारी. सगळे अपडाऊन करणारे. संध्याकाळी पाच-साडेपाचला त्यांच्या मोटरसायकली गावाबाहेर पडत.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांच्या मनातला: गावचीच माणसं परत आणायची. देवळाच्या मंडपात मेळावा घ्यायचा, नागपूर-पुण्याच्या मंडळींना हाक द्यायची. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या आदर्श गावाचं नाव या चर्चेत सतत येत होतं. पण तिथली कुटुंबं परतली ती पाणलोटाची कामं होऊन शेती उभी राहिल्यावर, आणि तिथले सरपंच झालेल्या पोपटराव पवारांनी १९८९ पासून धरलेल्या चिकाटीमुळे. मेळाव्यानं नाही. सरपंचताईंनी तरीही मेळावा घेतला. लोक आले, जेवले, देवळाच्या रंगासाठी वर्गणी दिली आणि गेले. याला मी फुकट गेलेला दिवस म्हणणार नाही, कारण कुलूपबंद घरांच्या मालकांचे फोन नंबर त्याच दिवशी जमले. पण परत राहायला येतो असं कोणी म्हणालं नाही.

दुसरा पर्याय लेआउटचा. एका माणसानं रस्त्यालगतच्या जमिनीवर प्लॉट पाडून नागपूरच्या लोकांना फार्महाऊससाठी विकायची तयारी दाखवली. ग्रामपंचायतीला विकास शुल्क, काही जणांना जमिनीचा भाव. ग्रामसभेत याला बराच पाठिंबा होता. विरोध केला तो किराणा दुकानदार काकाजींनी. त्यांचा मुद्दा असा की शनिवार-रविवारी येणाऱ्या माणसाचं पोर आपल्या शाळेत बसणार नाही आणि तो तेल-मीठही नागपूरहूनच घेऊन येईल. म्हणजे कुलूपबंद घरं आणखी वाढतील, एवढंच. माझ्या मते साऱ्या प्रकरणात सगळ्यात नेमकं बोलणं हेच होतं. गावाला घरं नको होती, रात्री दिवा लागणारी घरं हवी होती.

तिसरा पर्याय कॉलेजात शिकणाऱ्या दोन पोरांनी आणला. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली. तिथल्या अनेक नगरपालिका आणि गावं रिकाम्या घरांची यादी ठेवतात आणि राहायला येणाऱ्यांना ती दाखवतात, ‘आकिया बँक’ नावानं. आपण तशी यादी का करू नये? भाड्यानं द्यायला तयार असलेली घरं एका वहीत, आणि गिऱ्हाईक म्हणजे गावात आणि आसपास नोकरी करणारी माणसं.

जमीन विकून माणसं वसवण्याचा विचार इथे टिकत नव्हता. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही आणि तुकडेबंदीमुळे तेव्हा लहान तुकडाही विकता येत नव्हता. नव्या माणसाला गाव देऊ शकत होतं ते गावठाणातलं घर, तेही भाड्यानं. शेवटी तिसरा पर्याय ठरला.

पहिलं वळण: सक्ती की विचारपूस

ग्रामीण भागातल्या शिक्षकांनी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावीच, राहावं असा नियम आहे, आणि घरभाडे भत्त्यासाठी तसा ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. ग्रामसभेतल्या तरुणांनी जोर धरला: यंदा ठराव द्यायचाच नाही, झक मारत राहायला येतील.

ग्रामसेवकांनी सावध केलं. सक्ती केली तर भाडेकरार कागदावर होईल, मीटरवर शून्य युनिट पडतील आणि मोटरसायकली पाचला निघतच राहतील. शिवाय शिक्षकांशी वैर घेऊन पट वाढवायचा कसा? सरपंचताईंनी ठराव अडवला नाही. त्याऐवजी त्यांनी आणि मुख्याध्यापिकाबाईंनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: इथे राहायचं म्हटलं तर काय अडतं?

उत्तरं ऐकून गाव चपापलं. पगार, मन न रमणं, करमणूक यातलं जवळजवळ काहीच पुढे आलं नाही. संडास घराच्या आत हवा. नळ एक दिवसाआड का होईना, ठरलेल्या वेळी यावा. आणि तरुण आरोग्य सेविकेनं सांगितलं ते असं: “बाकी सगळं चालवून घेईन ताई, पण रात्री माझ्याच पोराला ताप आला तर मी जाऊ कशानं?” पाच नंतर गावातून बाहेर जायला गाडी नव्हती आणि पहाटे उमरेड गाठायलाही नव्हती. दोघं कमावणाऱ्या जोडप्यात एकाची नोकरी इथे, दुसऱ्याची नागपूरला किंवा उमरेडला. एस.टी. नसेल तर जोडपं गावात राहूच शकत नाही.

इथे कामाचा क्रम ठरवायचा होता. आधी गाडी की आधी घरं? गावानं घरं आधी घेतली, कारण गाडी आपल्या हातात नाही असं सगळ्यांना वाटलं.

एक घर

यादीतलं पहिलं घर बाजार चौकाच्या मागचं. कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर, पुढे लांब ओसरी, मागे कोठा आणि विहीर. म्हातारा-म्हातारी गेल्यापासून बंद. तीन भाऊ आणि दोन बहिणी वारस. एक भाऊ पुण्यात, एक नागपुरात, एक बहीण गावातच दिलेली. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजलं गेलं आणि या घराची मिळकत पत्रिका निघाली होती, पण ती वारलेल्या वडिलांच्या नावानं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीतही, त्यांचंच नाव.

भाड्याला सगळे तयार, सही करायला कोणीच नाही. थोरल्या भावाची भीती मी त्याच्याच शब्दांत देतो: “कुलूप लावलेलं घर पडते, पण आपलंच रायते. माणूस घुसवला अन् निघालाच नाही तं?” कुळकायद्यात जमिनी गेलेल्या घरांत ही भीती पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि घराचा भाडेकरू म्हणजे शेतजमिनीचं कूळ नव्हे, हे तोंडी सांगून ती जात नाही. तीन गोष्टींनी ती कमी झाली. वारस नोंद आधी करून घेतली आणि गावात राहणाऱ्या बहिणीच्या नावे बाकीच्यांनी करारापुरतं मुखत्यारपत्र दिलं. करार ११ महिन्यांचा, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स. आणि भाड्यातून आधी थकलेली घरपट्टी फिटेल असं ठरलं, म्हणजे भावांच्या डोक्यावरचं एक ओझं भाडेकरूच उतरवणार होता.

मग निघालं विजेचं. मीटर पीडी झालेलं, म्हणजे कायमचं तोडलेलं, आणि वडिलांच्या नावावर थकबाकी. ती भरल्याशिवाय त्या जागेवर नवी जोडणी नाही. वारसांना वाटे भाडेकरूनं भरावी, भाडेकरूला वाटे मालकानं. हा गुंता सुटायला घराची डागडुजी करण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी बहिणीनं थकबाकी भरली आणि तेवढी रक्कम भाड्यातून आपण आधी घेऊ असं भावांकडून लिहून घेतलं.

संडास आत बांधण्याचा आणि कवेलू फेरण्याचा खर्च भाडेकरूनं करायचा आणि तो भाड्यात वळता करायचा, हा नमुना इथूनच बाकीच्या घरांना लागला. ग्रामपंचायतीला खासगी घरावर पैसा घालता येत नाही. पण पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता. त्यातून त्या गल्लीची नळाची लाइन आणि नाली आधी घेतली, ज्या गल्लीत यादीतली जास्त घरं होती. हा निर्णय मला हुशारीचा वाटतो. नियम कुठेही न मोडता गावानं नव्या माणसांसाठी पैसा लावला.

आडनावाचा प्रश्न

यादी तयार झाली आणि मालकांचे फोन सरपंचताईंना येऊ लागले. सगळ्यांचा प्रश्न एकच, कधी सरळ, कधी आडून: येणारी माणसं कोण? आडनाव काय? एकानं तर “आपल्यातलंच पाहा” असं ग्रामसभेतच म्हटलं. त्याच दिवशी सभेत पुनर्वसन वसाहतीतला एक माणूस बसला होता. त्याच्या घरात दोन भावांचे संसार झाले होते आणि वाढीव कुटुंबाला वेगळी जागा मिळालेली नव्हती. तो घर विचारायला आला होता आणि हे ऐकून उठून गेला.

सरपंचताईंनी पुढच्या सभेत नियम वाचून दाखवला: ग्रामपंचायतीच्या वहीत ज्याचं घर असेल, त्यानं येणाऱ्याची जात विचारायची नाही. आधी विचारेल त्याला आधी घर. ज्याला हे मान्य नसेल त्यानं घर वहीतून काढून घ्यावं. काहींनी काढूनही घेतलं. यादी चांगलीच आखडली. मधला मार्ग काढा, मालकाच्या मनाप्रमाणे जमवून द्या, असं सांगणारे पुष्कळ होते; त्यांचं म्हणणं, घरं उघडणं महत्त्वाचं. ताईंनी ऐकलं नाही. ज्या शाळेचा पट वाढवायचा त्या शाळेत कोणाची पोरं यायची हे आडनावावरून ठरवणारं गाव वाढू शकत नाही, असं मला मनापासून वाटतं, आणि तो नियम नसता तर पुढे जे थोडंफार झालं तेही झालं नसतं.

उठून गेलेल्या माणसाकडे ताई स्वतः गेल्या. तो लगेच आला नाही. त्याचा धाकटा भाऊ मात्र पुढे बायको-पोरांसह आला.

मुक्कामी गाडी

घरं उघडू लागल्यावर गाडीचा प्रश्न पुन्हा वर आला. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात थांबून पहाटे सुटणारी एस.टी. पूर्वी एक होती, भारमान (गाडीत भरणारे प्रवासी) कमी म्हणून बंद झालेली. आगाराचं म्हणणं साधं: प्रवासी दाखवा. गावाचं म्हणणं: गाडीच नाही तर प्रवासी कुठून दाखवू?

मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मं तिकीट झालं आणि हिशेब बदलला. सातऱ्यावर जाणाऱ्या, बाजार करणाऱ्या, दवाखान्यात जाणाऱ्या बाया खासगी काळीपिवळीऐवजी एस.टी. धरू लागल्या. बचत गटांच्या बायांनी पहाटेच्या गाडीनं जाणाऱ्यांची नावं, कुठे उतरणार आणि आठवड्यातले कोणते दिवस, अशी यादी लिहून दिली. अर्जाला नुसत्या सह्या न जोडता ही यादी जोडली. आगारानं आधी काही दिवसांच्या प्रायोगिक तत्त्वावर गाडी दिली. चालक-वाहकाच्या रात्रीच्या झोपण्याची सोय ग्रामपंचायतीच्या खोलीत, पंखा आणि स्वच्छ संडासासह. ही बाब किरकोळ वाटेल, पण मुक्काम नकोसा वाटणारी गाडी फार काळ टिकत नाही. गाडी राहिली.

काय निष्पन्न झालं

यादीतली सगळी घरं उघडली नाहीत, निम्मीही नाही. जी उघडली त्यात आरोग्य सेविकेचं कुटुंब, दोन शिक्षक, उमरेडच्या बाजूला कामाला जाणारी काही जोडपी आणि पुनर्वसन वसाहतीतली कुटुंबं आली. लॉकडाऊननंतर गेलेल्या गावच्याच मुलांपैकी एक जण बायकोसह परतला, पण वडिलांच्या घरात नाही, वहीतल्या भाड्याच्या घरात. सासू-सुनेचं जमत नव्हतं; वेगळं घर मिळालं म्हणून तो येऊ शकला. हे कोणी गृहीतच धरलं नव्हतं.

तिसऱ्या शिक्षकाचं पद त्या वर्षी वाचलं. दुकानदार काकाजींनी सकाळी दूध-पाव ठेवायला सुरुवात केली. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेल्या पोरांत नवी पोरं होती आणि त्यांना बोजारा, म्हणजे बैल घेऊन घरोघर आलेल्या पोरांना द्यायची ओवाळणी, मिळाला, हे मुख्याध्यापिकाबाईंनी मला खास फोन करून सांगितलं.

काही कुटुंबं मात्र पावसाळा संपायच्या आत गेली. एका घराचं छप्पर जूनमध्ये गळायला लागलं आणि फेरायला माणूस मिळाला नाही. एका जोडप्यातल्या बाईला सातऱ्याचा हंगाम संपल्यावर गावात काम उरलं नाही. ती नागपुरात एका दुकानात कामाला होती, ते सोडून आली होती. नवऱ्याची सोय बघून घर ठरलं, तिची कोणी विचारपूस केली नाही.

वेगळं काय करता येईल

गाडी आधी हवी होती. घरांच्या कागदपत्रांत गेलेल्या त्या महिन्यांत बायांची प्रवासी यादी सहज तयार झाली असती, आणि उघडलेली पहिली घरं जास्त टिकली असती. गाडी आपल्या हातात नाही ही समजूत शेवटी खोटी ठरली. भारमान गावाच्याच हातात होतं.

घर दाखवताना बाईला आणि माणसाला वेगवेगळं विचारायला हवं: तुझं काम काय, ते इथून चालेल का, पोरांना कोण बघेल. आणि कवेलूचं घर मे महिन्याच्या आत फेरून झालं नसेल तर जूनमध्ये कोणालाही त्यात राहायला बोलावू नये. गावात कवेलू फेरणारे हात कमी राहिलेत, त्यामुळे ही माणसं आधी ठरवून ठेवावी लागतात.

वारसांचं काम मेळाव्याच्या दिवशीच सुरू करता आलं असतं. सगळे भाऊ-बहीण एकाच मंडपात बसले होते. वारस नोंदीचे अर्ज तिथेच भरून घेतले असते तर पुढचे अनेक फोन आणि फेऱ्या वाचल्या असत्या. दुसऱ्या गावानं मेळावा घ्यायचा ठरवला तर मी हेच सांगेन: भाषणं कमी ठेवा, टेबल मांडून अर्ज भरा.

सगळ्यात अवघड मुद्दा मतांचा. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेले लोक. नव्या कुटुंबांची नावं जुन्या ठिकाणी असल्यानं ते घरपट्टीसाठी हातभार लावतात, पोरं शाळेत पाठवतात, पण ग्रामसभेत बोलू शकत नाहीत. निवडणूक जवळ होती आणि प्रत्येक पॅनेलला वाटत होतं की ही मतं दुसऱ्याची. म्हणून नावं हलवण्याचा फॉर्म ८ भरून घेण्याचं काम ‘निवडणुकीनंतर बघू’ म्हणून मागे टाकलं गेलं. त्याचा परिणाम असा की पाण्याच्या वेळा ठरवताना, ज्यांच्यासाठी नवी लाइन टाकली त्यांनाच मत नव्हतं. सकाळी सहाच्या गाडीनं जाणाऱ्या बायांना साडेसहाला येणारं पाणी काही कामाचं नव्हतं. करारावर सही होते त्याच दिवशी नाव हलवण्याचा फॉर्म आणि रेशन कार्डाचा पत्ताबदल, दोन्ही कागद समोर ठेवायला हवेत. सरपंचताईंनी हे आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं आहे, आणि पाण्याची वेळ पाचची करण्याचा विषय येत्या ग्रामसभेच्या सूचनेत आहे.